तीन वर्षे की जन्मठेप?

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या मराठी घरांत दोन मुलखांच्या बातम्या एकाच सकाळी वाचल्या जातात. १९०७ साली विवेकवर्धिनीसारखी शाळा उभी करणाऱ्या या वस्तीचे मन पुण्यात जितके गुंतलेले असते तितकेच हैदराबादेतही. त्यामुळे अल्पवयीन मुलांच्या हातून घडलेल्या भयंकर गुन्ह्यांचा वाद तिने दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. २८ मे २०२२ रोजी ज्युबिली हिल्समध्ये एका अल्पवयीन मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. सहा आरोपींपैकी पाच स्वतःच अठरा वर्षांखालचे होते. दोन वर्षांनी, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुणांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता आणि काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यासह काही अटींवर जामीन दिला. दोन्ही शहरांत लोकांच्या तोंडी एकच मागणी होती : गुन्हा मोठ्यांचा, तर शिक्षाही मोठ्यांचीच द्या. ही मागणी करणारे लोक निर्दय नव्हते. एका मुलीचे आयुष्य उद्ध्वस्त झालेले किंवा दोन घरांतली तरणी मुले गेलेली पाहून ज्याला संताप येत नाही, त्याच्याशी न्यायाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तरीही ती मागणी चुकीची आहे असे मला वाटते, आणि का वाटते ते पुराव्यानिशी मांडायचे आहे.

हा वाद सहसा ‘शिक्षा की सुधारणा’ असा मांडला जातो आणि तिथेच अडकतो. एका बाजूला पीडितांचे दुःख, दुसऱ्या बाजूला मुलांचे कोवळे वय. दोन्ही खरे असल्यामुळे कोणी कोणाचे ऐकत नाही. माझ्या मते आपल्या कायद्याचा मोठा दोष वेगळाच आहे. मुलाला मोठ्यांच्या कायद्याकडे ढकलायचे की नाही, हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत दूरगामी निर्णय आपण त्याच्याविषयी सर्वांत कमी माहिती असताना घेतो. तोच निर्णय काही वर्षांनी, त्याच्यावर काम झाल्यानंतर घेतला, तर समाजाची सुरक्षितता आणि मुलाची सुधारणा या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आजचा कायदा कसा घडला ते आधी पाहू. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत अल्पवयीन मानली जाई. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठराची मर्यादा लावली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात एक आरोपी अठराहून काही महिन्यांनी लहान होता. त्याला कायद्यातली कमाल म्हणजे तीन वर्षांची कोठडी मिळाली आणि देश खवळला. त्या प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वय सोळावर आणू नये असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही अठराची मर्यादा कायम ठेवली. पुढे सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर मोठ्यांप्रमाणे खटला चालवू देणारे नवे विधेयक आले, तेव्हा संसदेच्या स्थायी समितीनेही त्यातल्या या भागाला विरोध केला. पण २० डिसेंबर २०१५ रोजी तो मुलगा सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने विधेयक मंजूर केले. १५ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. एवढ्या गंभीर विषयावरचा कायदा एका सुटकेच्या तारखेशी बांधला गेला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

या कायद्यानुसार ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, त्यात सोळा ते अठरा वयाचा मुलगा पकडला गेला तर बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांत त्याची प्राथमिक तपासणी करायची असते. असा गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम कळण्याची समज होती का आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे मंडळाने पाहायचे. त्यावरून प्रकरण आपल्याकडे ठेवायचे की मोठ्यांसारख्या खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवायचे, ते ठरवायचे. मंडळाकडे राहिले तर कमाल तीन वर्षे. तिकडे गेले तर जन्मठेपेपर्यंत काहीही. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही. ज्युबिली हिल्स प्रकरणात हैदराबादच्या मंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाचपैकी चौघांवर मोठ्यांप्रमाणे खटला चालवावा असे ठरवले.

त्या मंडळाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोर दोनच वाटा आहेत. एका वाटेवर तीन वर्षे, जी एवढ्या क्रूर कृत्यासाठी फारच थोडी वाटतात. दुसऱ्या वाटेवर जन्मठेपेची शक्यता. मधले काहीच नाही. शिवाय ही तपासणी होते तेव्हा आरोप सिद्ध झालेला नसतो. मुलाने गुन्हा केला असे गृहीत धरल्याशिवाय ‘तो करताना त्याला समज होती का’ हा प्रश्न विचारताच येत नाही. जुलै २०२२ मध्ये, गुरुग्रामच्या एका शाळेतील खुनाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी अतिशय नाजूक असल्याचे सांगून मानसशास्त्रातील जाणकारांची मदत घेण्यावर भर दिला आणि तिच्यासाठी मार्गदर्शक सूत्रे नसल्याची दखल घेतली. म्हणजे कायदा लागू होऊन साडेसहा वर्षे झाली तरी मुलांची मने कोणत्या मापाने मोजायची, ते ठरलेले नव्हते. माप नसले की गुन्ह्याची भयानकता हेच माप होऊन बसते.

केवळ गुन्ह्याकडे पाहिले आणि मुलाकडे पाहायचे राहून गेले तर काय होते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण अंगावर काटा आणणारे आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. पाच स्त्रिया आणि दोन मुले. स्त्रियांपैकी एक गरोदर होती. तीन आरोपींपैकी एक माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या दोघांपैकी एक राजस्थानातल्या एका खेड्यातून आलेला होता. न्यायालयाच्या कागदांवर त्याचे वय विशीच्या आसपासचे लिहिले गेले आणि सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोणीही ते तपासून पाहिले नाही. खूप वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेची नोंद पुढे आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले आणि २७ मार्च २०२३ रोजी निकाल दिला : गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. १९९४ मध्येही अल्पवयीनाला फाशी देता येत नव्हती. हा निकाल लागेपर्यंत त्याची अठ्ठावीसहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती आणि त्यांतली बहुतेक फाशीच्या सावलीत. (कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. निकालपत्रात नाव असले तरी या लेखात ते दिलेले नाही.)

या प्रकरणाचा सोपा अर्थ ‘न्यायालयांची चूक’ एवढाच काढला जाईल, पण तो अपुरा आहे. गुन्हा इतका भीषण होता की तो करणारा मूल असू शकेल ही शंकाच कोणाच्या मनात आली नाही. कृत्याच्या आकारावरून कर्त्याचे वय आणि स्वभाव दोन्ही ठरवले गेले. आज सोळा ते अठरा वयाच्या मुलांबाबत आपण तेच, फक्त कायद्याच्या भाषेत, करत आहोत. या माणसाविषयी आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. तुरुंगात आला तेव्हा त्याचे शिक्षण जेमतेम होते. आत राहून त्याने पदवीपर्यंतचे आणि त्यापुढचेही शिक्षण घेतले. बारा वर्षांच्या मुलाने केलेल्या भयंकर कृत्यावरून तो पुढे कोण होईल हे १९९८ च्या न्यायालयाला कळणे शक्य नव्हते. ते सांगायला मधली वर्षेच लागतात.

ती वर्षे एवढी महत्त्वाची का, याचे उत्तर गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनात आहे. मेंदूचा जो भाग आवेग आवरतो आणि परिणामांचा अंदाज घेतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. सोळा वर्षांच्या मुलाला खून वाईट असतो हे निश्चितच कळते. शांतपणे बसवून विचारले तर तो जवळजवळ मोठ्यांइतकेच शहाणे उत्तर देईल. फरक पडतो तो उत्तेजित मनाने आणि मित्रांच्या समोर. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी एका मोटार चालवण्याच्या खेळातून हे दाखवले. मित्र पाहत असताना तेरा ते सोळा वयाची मुले एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती, तर चोविशीपुढच्या लोकांत मित्रांमुळे फारसा फरक पडत नव्हता. ज्युबिली हिल्सचा गुन्हा टोळक्याने केला, हे या संदर्भात आठवावे. मुंबईच्या शक्ती मिलमध्ये २०१३ साली झालेले बलात्काराचे गुन्हेही टोळक्यानेच केले आणि तिथेही आरोपींत अल्पवयीन मुले होती. याने त्या मुलांचा दोष पुसला जात नाही. पण एकट्या मुलाला खोलीत बसवून त्याची ‘समज’ तपासणारा अहवाल नेमके काय मोजतो, याची शंका मात्र येते.

दुसरे संशोधन अधिक दिलासा देणारे आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवले की पौगंडावस्थेत कायदा मोडणाऱ्यांतली बहुसंख्य मुले मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. लहानपणापासून सुरू होऊन आयुष्यभर चालणारी गुन्हेगारी फार थोड्यांची असते. हे किरकोळ चोऱ्यांपुरतेच असेल, अशी शंका होती. म्हणून फिलाडेल्फिया आणि फीनिक्स या शहरांतल्या गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलांचा सात वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांतही सातत्याने गंभीर गुन्हे करत राहिलेली मुले दहा टक्क्यांच्या आतच निघाली. आणि कोण त्या दहांतला ठरेल, हे पहिल्या गुन्ह्याच्या गांभीर्यावरून ओळखता येत नव्हते. माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. नऊ जण बदलणार आहेत आणि एक बदलणार नाही, आणि तो एक कोण हे तीन महिन्यांत कळणार नसेल, तर तीन महिन्यांत निर्णय घेणे म्हणजे उरलेल्या नऊ जणांवर अन्याय आहे. ज्या एकाला खरोखर जास्त काळ आवरायला हवे, तोही चुकून सुटू शकतो, ही समाजाची फसवणूक वेगळीच.

कडक वागणुकीने मुले सुधारतात का, याचाही हिशेब अमेरिकेने करून पाहिला आहे, कारण १९९० च्या दशकात तिथल्या बहुतेक राज्यांनी मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवणे सोपे केले. २००७ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याशी संबंधित तज्ज्ञगटाने उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा मोठ्यांच्या व्यवस्थेत पाठवलेली मुले पुन्हा गुन्ह्यांत अडकण्याचे प्रमाण बालव्यवस्थेतल्या मुलांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळले. याउलट विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा येथे १९९५ मध्ये एक केंद्र सुरू झाले. ज्यांना इतर सुधारगृहे सांभाळू शकत नव्हती, अशी अत्यंत हिंसक मुले तिथे पाठवली जात. मारहाण करणाऱ्या मुलाला एकांतात डांबण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याबरोबर अधिक वेळ घालवत आणि दिवसाच्या वागणुकीवर दुसऱ्या दिवशीच्या सवलती ठरत. नंतरच्या वर्षांत तुलनेसाठी निवडलेल्या, नेहमीच्या सुधारगृहांत राहिलेल्या गटातल्या मुलांच्या हातून १६ खून झाले. मेंडोटात उपचार घेतलेल्या मुलांच्या हातून एकही नाही. तिथला खर्च जास्त होता, पण वाचलेले तुरुंगवास आणि टळलेले गुन्हे धरता एका डॉलरमागे सात डॉलर वाचल्याचा हिशेब निघाला. सुधारणा म्हणजे मुलाला गोंजारणे असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण जरूर समजून घ्यावे. तिथली मुले कुलपाआडच होती. त्या कुलपाआड वर्षे कशी घालवायची, हे मात्र विचारपूर्वक ठरवलेले होते.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. आपल्याकडे मोठ्यांसारखा खटला झाला तरी मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत सज्ञान कैद्यांच्या तुरुंगात जात नाही. तो ‘सुरक्षित जागे’त राहतो. मग अमेरिकेचे आकडे इथे कसे लावायचे? तंतोतंत लावता येणार नाहीत, हे खरे. पण एकविसाव्या वर्षी उरलेली शिक्षा तुरुंगातच भोगावी लागू शकते. शिवाय बालव्यवस्थेत राहिलेल्या मुलाला पुढच्या आयुष्यात गुन्ह्याचा डाग आड येणार नाही असे संरक्षण मिळते, ते मोठ्यांप्रमाणे दोषी ठरलेल्याला मिळत नाही. नोकरीचे दार बंद झालेला पंचविशीतला तरुण कोणाच्या आश्रयाला जाईल, ते सांगायला नको.

दुसरा आक्षेप जरबेचा. कायदा सौम्य असल्यामुळे मुले बिनधास्त गुन्हे करतात आणि मोठे गुन्हेगार त्यांना पुढे करतात, असे म्हटले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. त्याआधीच्या वर्षी ती ३१,१७० होती. देशात २०२२ मध्ये नोंदल्या गेलेल्या ५८ लाखांहून अधिक गुन्ह्यांत हे प्रमाण सुमारे अर्धा टक्का भरते. पकडलेल्या मुलांत पाचांपैकी जवळजवळ चार सोळा ते अठरा वयाची असतात आणि महाराष्ट्राचा आकडा राज्यांमध्ये वरचा असतो, हेही खरे. त्यामुळे प्रश्न छोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण २०१६ पासून जन्मठेपेची टांगती तलवार असूनही ज्युबिली हिल्स घडलेच. टोळक्याच्या उन्मादात सापडलेला मुलगा कायद्याची कलमे आठवत नाही. मुलांना पुढे करणाऱ्या मोठ्यांसाठी कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे; जरब बसवायची तर ती तिथे बसवावी.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो पीडितांचा आहे. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिने तीन वर्षांनी त्या मुलाला आपल्याच शहरात मोकळा फिरताना पाहायचे का? या प्रश्नाला ‘मुलाचे वय लहान होते’ हे उत्तर पुरत नाही आणि आजच्या बालव्यवस्थेने ते पुरवण्याचा प्रयत्नही केलेला नाही. बंद दाराआडच्या कामकाजात पीडित कुटुंबाला बहुतेक वेळा काय चालले आहे हेही कळत नाही. हैदराबाद पोलिसांनी २०१६ मध्ये ‘भरोसा’ केंद्र सुरू करून अत्याचारित स्त्रिया आणि मुलांना वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक आधार एका छताखाली दिला. तशीच सांगड मंडळाच्या प्रत्येक टप्प्याशी घातली पाहिजे. मुलाच्या सुटकेचा विचार होण्याआधी पीडितेला कळवणे, तिचे म्हणणे ऐकणे, त्याने तिच्यापासून दूर राहण्याच्या अटी घालणे आणि भरपाई वेळेवर देणे, हे सर्व तिचे हक्क आहेत. आणि तीन वर्षे काही गुन्ह्यांसाठी खरोखरच कमी आहेत, हे मी निःसंकोचपणे म्हणतो. सुधारणेच्या बाजूच्या लोकांनी हे कबूल करायला उशीर केला, म्हणून लोकांचा विश्वास उडाला.

मग उपाय काय? तो आपल्याच कायद्यात अर्धा लिहिलेला आहे. कलम २० सांगते की मोठ्यांप्रमाणे दोषी ठरलेला मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बाल न्यायालयाने त्याच्यात खरा बदल झाला आहे का ते पाहावे आणि त्याला देखरेखीखाली सोडावे किंवा उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवावे. हा शहाणा विचार कायद्याच्या मागच्या दारी ठेवला गेला आहे. तो पुढे आणायला हवा. सोळाव्या-सतराव्या वर्षीची प्राथमिक तपासणी रद्द करावी. अतिगंभीर हिंसक गुन्ह्यांसाठी बालव्यवस्थेतच कोठडीची कमाल मुदत तीनऐवजी सात किंवा आठ वर्षे करावी, दरवर्षी आढावा घ्यावा आणि जो खरोखर बदलला नाही त्याच्याबाबत शेवटी, भरपूर पुरावा हाती असताना, न्यायालयाने पुढचा निर्णय घ्यावा. जर्मनी साधारण असेच करते. तिथे बालगुन्हेगारांना कमाल दहा वर्षे शिक्षा होते आणि न्यायाधीश अपरिपक्व ठरवेल त्या अठरा ते वीस वर्षांच्या तरुणालाही बालकायदाच लागतो. तो देश गुन्ह्यांबाबत ढिला असल्याचे कोणी म्हणणार नाही.

पण मुदत वाढवून आत काहीच केले नाही, तर ती वर्षे वाया जातील, किंबहुना मुलाला अधिक बिघडवतील. सुलतान बाजारापासून अवघ्या काही किलोमीटरांवर सैदाबादचे मुलांचे निरीक्षणगृह आहे. असे रिमांड होम महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतही आहे. शाळकरी वयाच्या मुलाला तिथे शिक्षक, प्रशिक्षित समुपदेशक, हाताला काम आणि सुटल्यावर दोन-तीन वर्षे मागे राहणारा परिवीक्षा अधिकारी मिळाला, तरच मेंडोटासारखा निकाल मागता येईल. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून सुधारशाळा निघाली, १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी कायदा झाला आणि १९५१ मध्ये हैदराबाद राज्यानेही आपला बालक कायदा केला, जो तेलंगणाबरोबर मराठवाड्यालाही लागू होता. मुलांना वेगळे वागवायचे, हा निर्णय या भूमीने फार पूर्वी घेतला आहे. त्यासाठी लागणारी माणसे आणि पैसा मात्र कधीच पुरेसा दिला नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की संताप होईल आणि तो व्हायलाही हवा. त्या संतापातून ‘मोठ्यांसारखी शिक्षा द्या’ असे म्हणण्याआधी आपल्या आमदाराला दोन प्रश्न विचारा : आपल्या जिल्ह्यातल्या निरीक्षणगृहात किती परिवीक्षा अधिकारी आणि समुपदेशक आहेत, आणि किती पदे रिकामी आहेत? उत्तर लेखी मागा.